फाटक्या कानाचा वाघ

सेमाडोह, १८ नोव्हेंबर १९३६

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेल. फाडण्याआधी एकदा वाचा, मग काय करायचं ते करा.

सात वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आई गेली तेव्हाही आलो नाही. ती गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही अमरावतीच्या फोटो स्टुडिओत तसबीर काढायला आलेल्या अकोटच्या एका दलालाकडून. मी त्याची मान सरळ करत होतो आणि तो म्हणाला, "तुमी खुशालरावचे भाऊ ना? मायच्या तेराव्याले दिसले नाई." त्याचा फोटो हलला. दुसरा काढून दिला.

आता मी अमरावतीत नाही. दोन वर्षांपासून मेळघाटात, जंगलखात्याच्या नोकरीत आहे. काम ऐकाल तर हसाल. मी वाघांचे फोटो काढतो, पण तिथे हजर न राहता. साहेबांनी विलायतेच्या एका मासिकात ही रीत पाहिली आणि फोटोवाला शोधत अमरावतीला माणूस पाठवला. वाघाच्या वाटेवर दोन खुंट्या ठोकायच्या, त्यांना गुडघ्याच्या उंचीवर काळा दोरा आडवा बांधायचा. दोऱ्याचं दुसरं टोक झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याला आणि मॅग्नेशियमच्या भुकटीला. वाघाचा पाय दोऱ्याला लागला की भुकटी पेटून लख्ख उजेड होतो, झाकण उघडतं, वाघ आतल्या फोटोच्या काचेवर उमटतो. मी दिवस मावळायच्या आत दोरा बांधून परत येतो आणि सकाळी जाऊन काच काढतो. गोळी नाही, जनावर उठवायला माणसांचा हाका नाही, कुणाच्या अंगाला ओरखडा नाही. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. फोटो शेजारी शेजारी ठेवले की किती वाघ आहेत ते मोजता येतं. आजवर अकरा मोजले.

दहातल्या सात काचांवर वाघ नसतोच. साळिंदर असतं, सांबर असतं, नाही तर नुसती वाट. एकदा अस्वलानं कॅमेऱ्याचा पेटारा फोडला. एकदा दोरा तपासताना माझाच पाय लागला. सात वर्षांतला माझा तो एकच फोटो. त्यात मी म्हातारा दिसतो, आणि मागे कुणीतरी आहे असं वाटून मान वळवलेली. मागे कुणी नव्हतं.

सिपना नदीच्या काठी एक खोली आहे. डाकवाला चिखलदऱ्याहून आठवड्यातून एकदा येतो. गार्ड आहे, तो कोरकूत बोलतो. कधी कधी चार-चार दिवस मराठी शब्द कानावर पडत नाही. मग भाकरी थापताना मी मोठ्यानं बोलतो. काय बोलतो ते लिहीत नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा एक काच धुतली. मोठा नर, उतरत्या वयाचा. डावा कान मधोमध फाटलेला.

तुम्हाला आठवत असेल.

वहिनींना नमस्कार.

नारायण


सेमाडोह, ९ डिसेंबर १९३६

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी डाकवाला आला त्या दिवशी मी कॅमेरा लावायला गेलो नाही, खोलीच्या दारात बसून राहिलो.

आता मागच्या वेळी टाळलं ते लिहावं लागतं आहे, कारण गोष्ट हाताबाहेर गेली, आणि ती माझ्याच हातानं गेली.

तो फोटो मी नेहमीप्रमाणे साहेबांकडे पाठवला. महिनाभरात इथल्या जवळच्या रायपूर गावाच्या बाजूला दोन गाई आणि एक म्हैस मारली गेली होती, लोक ओरडत होते. साहेबांनी जुनं रजिस्टर काढलं. त्यात एप्रिल १९२९ ची नोंद आहे. सोमा कासदेकर, हाकेवाला, वाघानं मारला. खाली तुमची जबानी: वाघ डाव्या कानातून रक्त गाळत पळाला. साहेबांनी फोटो नोंदीशेजारी ठेवला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बहुत अच्छा काम किया, नारायणराव. आदमखोर मिल गया."

नुसती गुरं मारणाऱ्या वाघाला खातं एकदम हात लावत नाही. पण याच्या नावावर आधीच माणूस लिहिलेला आहे. तेव्हा तो नरभक्षक ठरला. मारायचा हुकूम निघाला. आणि ज्यानं पहिल्यांदा त्याला पाहिलं, जो या भागाचा नामी शिकारी, त्यालाच खास परवाना द्यायचं ठरलं. तो कागद एव्हाना तुमच्या हातात पडला असेल.

दादा, सोमाला वाघानं मारलं नाही. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे.

मी तो दिवस इतक्या वेळा आठवलाय की त्यातलं खरं किती, रचलेलं किती, आता कळत नाही. म्हणून जेवढं नक्की आहे तेवढंच लिहितो. तुम्ही खालच्या मचाणावर, विलायती रायफल घेऊन. मी वरच्या, बाबांच्या जुन्या बाराबोर बंदुकीसह. हाका जवळ आला, वाघ नाल्यातून निघाला. मी झाडली, तुम्ही झाडली, जवळजवळ एकदमच. वाघानं डोकं झटकलं आणि गेला. मग पळसाच्या झुडपामागे कुणीतरी "बाबा" म्हटलं. एकदाच.

मी खाली उतरेपर्यंत तुम्ही सोमाला तुमच्या घोंगडीत गुंडाळलं होतं. तुम्ही माझा दंड धरला. तो दुखतो असं मला अजून कधी कधी वाटतं. तुम्ही म्हणालात, "नारायणा, तुही गोळी वाघाच्या कानाले चाटून पुढं गेली अन् याले लागली. आता आईक. तू काई पाह्यलं नाई. याले वाघानं मारलं. समजलं? मी हाय."

मी मान हलवली. पोलीस दोन दिवसांनी आले, तोवर माती झाली होती.

तुम्ही मला वाचवलंत. पण त्यानंतर तुमच्या पंगतीला बसून घास गिळवेना. तुम्ही वाढायला सांगायचात, वहिनी वाढायच्या, आणि मला ती घोंगडी दिसायची. म्हणून महिनाभरात न सांगता निघून गेलो. तुम्ही त्याला काय म्हणत असाल ते ठाऊक आहे. बेइमान. म्हणा.

एवढंच मागतो, परवाना परत करा. तब्येत बरी नाही म्हणा, शेतीची कामं म्हणा. दुसरा शिकारी शोधायला वेळ लागेल, तोवर मी साहेबांना काही तरी सांगीन. आपलं खोटं माणसाच्या बाबतीत खपलं. आता त्याच खोट्यावर हे जनावर मरणार.

नारायण


सेमाडोह, १४ जानेवारी १९३७

दादा,

तुम्ही परवाना स्वीकारलात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात येणार असल्याचं साहेबांच्या कारकुनानं सांगितलं. विश्रामगृहाची खोली साफ करायला लावली आहे. मला लिहिलं नाहीत, त्यांना लिहिलंत.

आज संक्रांत. गार्डला तीळगूळ दिला. तो म्हणाला, गोड आहे.

काल मी सोमाच्या घरी गेलो. दोन वर्षं इथे राहतो, ते गाव चार मैलांवर, पण मी त्या बाजूला कधी कॅमेरासुद्धा लावला नव्हता. त्याची बायको जमुना गावाबाहेर, शेवटच्या झोपडीत राहते. आधी मला वाटलं, तिची जागाच तिथे असेल. मग कळलं की तिला तिथे जावं लागलं. त्या गावात असं धरतात, की वाघानं नेलेल्याच्या घरावर देवाचा कोप असतो. कुणाच्या लग्नात तिला बोलावत नाहीत. तिनं विहिरीवर शेवटी पाणी भरायचं. सात वर्षं.

मी अंगणात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बसलो नाही. म्हटलं, तुझ्या नवऱ्याला वाघानं मारलं नाही, माझी गोळी लागली. ती मोहाच्या वाळलेल्या फुलांतून कचरा निवडत होती. हात थांबला नाही.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली.

मी विचारलं, काय ठाऊक आहे?

"गोळी लागली थे. आंग म्या धुतलं ना त्याचं. एक नख नाई लागलं व्हतं. वाघानं मारलेलं आंग असं रायते काय? पटलाले सांगतलं म्या. पटील म्हणे, गप राय, मोठे लोक हायेत. मी गप रायली."

मग ती आत गेली आणि चिंधीत बांधलेली एक वस्तू घेऊन आली. पाठीच्या कातडीखाली हाताला लागली म्हणून तिनं विळ्यानं काढली होती. माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "हे तुमचंच ना?"

दादा, बाराबोराची गोळी कशी असते ते मी तुम्हाला सांगायला नको. गोल, नुसत्या शिशाची, बोरासारखी.

ही लांबट होती. टोक चेपलेलं. अंगावर तांब्याची साल.

नारायण


सेमाडोह, १५ जानेवारी

तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का?

मी खाली उतरण्याआधी तुम्ही त्याला घोंगडीत का गुंडाळलं, हे मी सात वर्षांत एकदाही स्वतःला विचारलं नाही.


सेमाडोह, २ फेब्रुवारी १९३७

दादा,

मागची चिठ्ठी रागात टाकली. डाकवाला निघाला होता, पाकीट त्याच्या हातात दिलं आणि दोन पावलं त्याच्यामागे गेलो, परत मागायला. मग नाही मागितलं.

खोलीत बसवत नव्हतं म्हणून पंधरा दिवस रोज दोन-दोन कॅमेरे लावले. काचा धुतल्या, पण त्यांत काय आलं ते नीट पाहिलं नाही. एकच गोष्ट डोक्यात. मी सोमाला मारलं नाही हे कळल्यावर मला पहिल्या क्षणी आनंद झाला. ती बाई समोर उभी, हातात तिच्या नवऱ्याच्या अंगातून काढलेली गोळी, आणि मला आनंद झाला. त्याची लाज वाटते. त्यानंतर मात्र नुसता हिशेब. आईचं शेवटचं आजारपण. तुमच्या शालूचं लग्न, जिला मी खांद्यावर बसवून जत्रेला नेत होतो. माझं ठरलेलं लग्न, जे मी मोडलं, कारण माणूस मारलेल्याच्या घरात कुणाची मुलगी का यावी. हे सगळं मी एका गोळीपायी सोडलं, आणि ती माझी नव्हती.

तुम्ही म्हणाल, "तू गेला तं मी काय करू? म्या जा म्हटलं काय?" नाही म्हटलंत. पण थांबवलंही नाही. एक माणूस अमरावतीला पाठवला असता तर मी सापडलो असतो. मी समोर नसणं तुम्हाला बरं पडलं, असं आता वाटतं. चूक असेन तर सांगा.

आता जे करणार आहे ते तुमच्या पाठीमागे करत नाही, म्हणून कळवतो. एक मार्चला साहेब सेमाडोहला मुक्कामाला येणार आहेत. त्यांच्यापुढे मी लेखी जबानी देणार आहे, की सोमाला वाघानं मारलं नाही, ती बंदुकीची गोळी होती. नोंद खोटी आहे, हुकूम रद्द करा. गोळी कुणाची हे मी लिहिणार नाही. विचारलं तर काय सांगू, माझं ठरत नाही. माझी म्हणणं सोपं आहे. सवय आहे.

जमुनालाही हे सांगून आलो. ती म्हणाली, "सायबाले सांगान तं वाघ वाचन. माह्यं काय? गावात सांगा. साऱ्यायसमोर सांगा. ज्यानं मारलं त्यानं येऊन सांगावं."

मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही.

"मंग कोनाच्या हातात हाय?" तिनं विचारलं. हे वाक्य तुमच्यापर्यंत पोचवायचं मी कबूल केलं आहे. पोचवलं.

नारायण


सेमाडोह, २० मार्च १९३७

दादा,

तीन आठवडे झाले. तुम्ही इथे होता तेव्हा दोन रात्री आपण एका छपराखाली काढल्या आणि धड दहा वाक्यं बोललो नाही. मला समोर बोलता येत नाही, तुम्हालाही येत नाही. म्हणून पुन्हा कागद.

तुम्ही याल ते बंदूक घेऊन, असं मी धरून चाललो होतो. मोटारीतून उतरलात तेव्हा मी आधी तुमच्या हातांकडे पाहिलं. हातात पिशवी होती, वहिनींनी दिलेल्या पापडांची. मग तुमच्याकडे पाहिलं. मिशा सगळ्या पांढऱ्या. खालच्या पायरीवर तुम्ही थांबलात, गुडघ्यावर हात ठेवून.

साहेबांपुढे मी माझा कागद काढत होतो आणि तुम्ही मला हातानं मागे सारलंत. आपण लहान असताना रस्ता ओलांडताना सारायचात तसंच. म्हणालात, "याचं काई लिहून घेऊ नका. याले काई मालूम नाई. गोळी माही व्हती." साहेबांनी दोनदा विचारलं. तुम्ही दोनदा तेच सांगितलंत. रजिस्टरातली नोंद खोडली गेली, हुकूम रद्द झाला, तुमचा बंदुकीचा परवाना तिथेच जमा झाला, आणि खटल्याचे कागद एलिचपूरच्या कोर्टात गेले. अर्ध्या तासात सगळं. सात वर्षं लागलेलं काम.

गावातलं तुमच्यासमोरच झालं, ते पुन्हा सांगत नाही. एवढंच सांगतो, की तुम्ही पारावर उभे राहून "सोमाले वाघानं नाई, म्या मारलं, अन् खोटंबी म्याच सांगतलं" म्हणालात, तेव्हा मी लोकांकडे नाही, तुमच्याकडे पाहत होतो. तुमच्या धोतराची कड थरथरत होती. सात वर्षं मी तुमच्यावर उपकारांचं ओझं म्हणून चिडलो होतो, दीड महिना तुम्हाला चोर समजून चिडलो. त्या पारावर मला पहिल्यांदा दिसलं की तुम्ही घाबरलेले होता. त्या दिवशीही घाबरलेलेच असणार. मला ते कधी सुचलंच नाही. तुम्ही घाबरू शकता, हेच.

सोडून दिलं असं लिहीत नाही. ते खोटं होईल. शालूच्या लग्नाचं आठवलं की अजून राग येतो. मोटारीत बसताना तुम्ही म्हणालात, "मले वाटलं तू विसरून जाशीन. मंग तू गेलाच. मंग सांगाले कोनी उरलंच नाई." तेवढ्यात मोटार निघाली. आता सांगतो. मी उरलो होतो, दादा. अमरावतीला, स्टेशनापासून दहा मिनिटांवर.

तुम्ही गेल्यावर इथे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. चार दिवसांनी पटलाच्या घरून जमुनाला लग्नाचं बोलावणं आलं. बायका दारापर्यंत आल्या होत्या, मी तिथेच होतो. ती म्हणाली, "आज नाई येत." त्या हटून बसल्या. ती म्हणाली, "सात वर्सं तुमाले मी दिसली नाई. आता एका दिवसात काहून येऊ? पुढच्या लग्नाले पाहीन." आणि दार लावून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवर सगळ्यांच्या आधी गेली. कुणी अडवलं नाही. ती पाणी भरत असताना बाकीच्या बाजूला उभ्या होत्या, आणि ती घाई न करता भरत होती.

तुमच्याबद्दल तिनं एकदाच विचारलं. "थो बुढा जेलात जाईन काय?" म्हटलं, माहीत नाही. "गेला तं जाऊ दे," ती म्हणाली. मग म्हणाली, "पन आला थो." एवढंच. यात काय समजायचं ते तुम्ही समजा.

वाघाचं म्हणाल, तर त्यानं परवा आणखी एक वासरू मारलं. तो काही साधू नाही. लोक माझ्याकडे येऊन भांडले, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. साहेबांना सांगून आता रायपूरच्या गायरानाच्या दोन्ही वाटांवर कॅमेरे लावतो आहे, म्हणजे तो कोणत्या वाटेनं कधी येतो ते कळेल, आणि गुरं त्या वेळी दुसरीकडे नेता येतील. पहिली काच चांगली आली. उजवी बाजू, पोट थोडं ओघळलेलं. त्याला फार वर्षं नाहीत. पण तो म्हातारा होऊन मरेल.

वहिनींचं पत्र आलं, तुमच्या नकळत लिहिलेलं. तुम्ही जेवत नाही, ओसरीवर एकटे बसता, वकिलाशीसुद्धा बोलत नाही, असं लिहिलंय. मलाही तुमच्याशी नीट बोलता येईल की नाही सांगता येत नाही. पण एकटं बसणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि ते मी तुम्हाला करू देणार नाही.

मी साहेबांकडून आठ दिवसांची रजा घेतली आहे. कॅमेरे गार्ड सांभाळेल, त्याला काच बदलायला शिकवलं. खटल्याची पहिली तारीख बारा एप्रिलची आहे. मी आदल्या दिवशीच एलिचपूरला पोचतो आणि सकाळी कोर्टाच्या फाटकाशी उभा राहतो. आत काय होईल ते होवो. दुपारी वेळ मिळाला की तिथल्या चिंचेखाली बसू.

वहिनींना सांगा, दोघांची भाकर बांधून द्या.

नारायण